उच्चाराचे दहा गुण

काही वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या सभागृहात मी समूहगान स्पर्धेचा परीक्षक म्हणून बसलो होतो. आम्ही तिघे होतो. एक शास्त्रीय संगीताचे शिक्षक, एक सुगम संगीत गाणाऱ्या बाई, आणि मराठीचा प्राध्यापक म्हणून मी. तालुक्याच्या ठिकाणाहून सहा मुली आल्या. पांढऱ्या साड्या, एक पेटी, एक ढोलकी. गाणे महाडच्या चवदार तळ्याचे होते. त्यांच्याच वस्तीतील कुणी रचलेले. ध्रुवपदात ‘पाणी’ हा शब्द होता, तो पुन्हा पुन्हा येत होता, आणि दरवेळी त्या मुली ‘पानी’ म्हणत होत्या. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी पहिल्याच वेळी मान हलवली. आमच्यापुढच्या कागदावर चौथा रकाना होता : शुद्ध उच्चार, गुण दहा. त्यांनी तीन दिले. बाईंनी चार दिले. मी पाच दिले.

चार गुणांनी त्या मुलींचा संघ तिसरा आला. बेरीज मीच केली होती. घरी परतताना एसटीत मला आठवले की माझी आई आयुष्यभर ‘पानी’च म्हणत आली. त्या पाण्यासाठी १९२७ साली जी माणसे तळ्यात उतरली त्यांच्यापैकी कितीजणांनी मूर्धन्य णकार नीट उच्चारला असेल? आणि मी, ज्याने ‘दलित साहित्याची भाषा’ या विषयावर व्याख्याने दिली, त्या मी पाच गुण कापले होते. तेही पूर्ण प्रामाणिकपणे.

हा प्रामाणिकपणाच मला आज तपासून पाहावयाचा आहे. लाच घेणारा, ओळखीच्या संघाला वर चढवणारा, आयोजकांच्या चहाला जागणारा परीक्षक असतो, पण त्याच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. त्याला आपण अन्याय करतो हे माहीत असते. ज्याला ते माहीतच नसते, जो रकाने वाचतो, मन लावून ऐकतो, खाडाखोड न करता गुण लिहितो आणि तरीही अन्याय करून घरी जातो, अशा परीक्षकाचा हा प्रश्न आहे.

‘निकष’ हा शब्द मराठी समीक्षेत फार प्रतिष्ठा पावलेला आहे. निकष म्हणजे सोनाराचा कसोटीचा दगड. त्यावर सोने घासतात व रेघेवरून कस ठरवतात. त्या दगडावर लोखंड घासून ‘कस लागत नाही’ असा शेरा सोनारही देत नाही. तो ते लोहाराकडे पाठवतो. आमच्या समीक्षेने मात्र दलित साहित्याच्या बाबतीत पहिली काही वर्षे हेच केले. त्या वादाचा इतिहास या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. शरद पाटील यांच्यापासून शरणकुमार लिंबाळे यांच्यापर्यंत अनेकांनी वेगळ्या सौंदर्यशास्त्राची मांडणी केली, ग्रंथ झाले, चर्चासत्रे झाली. पण ही सारी मांडणी छापील शब्दापुरती राहिली. गाणारा गळा, वाजणारे चामडे आणि रंगमंचावर उभा राहणारा देह यांचे मूल्यमापन कसे करावे याविषयी आपण फार थोडे बोललो. ते काम युवक महोत्सवाच्या मार्कांच्या कागदावर सोडून दिले. आणि आपल्या मुलामुलींना कलेचा पहिला निवाडा ऐकावा लागतो तो याच कागदावर.

कागदावरचा रकाना तांत्रिक दिसतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. कारण तांत्रिक होते : या वाद्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. ते खोटे होते असे नाही. पण याच काळात पेटी हे गावोगावच्या भजनी मंडळाचे, जलशाचे, कव्वालाचे, शाळेतल्या गाण्याच्या मास्तरचे एकमेव स्वरवाद्य होते. तंबोरा कुणाच्या घरी होता आणि पेटी कुणाच्या, याचा हिशेब त्या तांत्रिक कारणात कोठेच नव्हता.

उच्चाराचेही असेच आहे. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा बहुधा ‘य’ होतो. डोळा हा डोया होतो, काळा हा काया होतो. हा आळस नव्हे, अडाणीपणाही नव्हे; बोलीचा नियम आहे आणि तो सवर्ण-दलित सगळ्याच खेड्यांतून चालतो. मराठीतला आद्य गद्यग्रंथ लीळाचरित्र ज्या ऋद्धिपुरात सिद्ध झाला ते गाव आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. म्हणजे मराठी गद्याचे पाळणाघर आमचे, आणि शुद्धतेचे प्रमाणपत्र मात्र पुण्याहून यावयाचे. आता कुणी म्हणेल की गाण्यात उच्चाराला महत्त्व नाही काय? आहेच. पण शब्द स्पष्ट असणे वेगळे आणि प्रमाण असणे वेगळे. ख्यालाची बंदिश ब्रजात असते. मराठी गायक ती मराठी वळणाने म्हणतात, आणि आजवर कुठल्या परीक्षकाने त्यासाठी गुण कापल्याचे मी पाहिलेले नाही. तेथे ते ‘घराण्याचे वळण’ ठरते. आमच्या मुलींचे वळण मात्र ‘अशुद्ध’ ठरते.

परदेशात काही वाद्यवृंदांनी निवड चाचणीच्या वेळी उमेदवार आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा टाकण्याची पद्धत आणली. बोस्टनच्या वाद्यवृंदाने ती १९५२ च्या सुमारास सुरू केली. पुढे इतर वाद्यवृंदांत ती रुळली आणि बायकांची निवड वाढण्यास तिचा हातभार लागला असे क्लॉडिया गोल्डिन आणि सिसिलिया राउस यांनी २००० साली दाखवून दिले. पडद्याची कल्पना मला आवडते. पण आपल्याकडे ती अर्धीच कामाची आहे. व्हायोलिनला आडनाव नसते; गळ्याला असते. पडद्यामागून ‘पानी’ ऐकू आले की गाव कळते, वस्ती कळते, आणि गाणे चवदार तळ्याचे असेल तर उरलेलेही कळते.

दुसरा एक आक्षेप त्या मुलींच्या गाण्यावर आला होता, तो चालीविषयी. चाल उसनी आहे, कुठल्याशा जुन्या कव्वालीची आहे, असे संगीताचे शिक्षक म्हणाले. युवक महोत्सवाच्या नियमांत चित्रपटगीतांना बंदी आहे; तिचा आधार घेऊन उसन्या चालीवरही नाक मुरडण्याची प्रथा पडली आहे. येथे थोडा इतिहास पाहावा. सत्यशोधक जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी लोकांच्या कानात बसलेल्या चाली जाणूनबुजून उचलल्या. श्रोता निरक्षर होता, गाणे एकदाच ऐकावयास मिळणार होते, आणि ते दुसऱ्या दिवशी शेतात, गिरणीत, जात्यावर त्याला आपणहून आठवावे असा हेतू होता. चाल ओळखीची असली की सगळे लक्ष नव्या शब्दाकडे जाते. ही उणीव नव्हती, रचनेची युक्ती होती. आणि ज्या मराठी नाट्यसंगीताला आपण अभिजात म्हणून माना डोलावतो त्याने काय केले? किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणले तेव्हा लावणीच्या, साकी-दिंडीच्या, कानडी पदांच्या चाली घेतल्या. पुढे ‘मानापमान’ व ‘स्वयंवर’ यांतील पदांमागे ख्याल-ठुमरीच्या चिजा उभ्या आहेत हे जाणकार कौतुकाने सांगतात. तेथे तो ‘संस्कार’ होतो. आमच्या मुलींनी कव्वालीची चाल घेतली की उसनवारी. एकच व्यवहार, दोन खाती.

आमच्या विद्यापीठाचे नाव २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असे आहे. तुकडोजी महाराज खंजिरी वाजवीत. हाती खंजिरी घेऊन त्यांनी विदर्भातली खेडी जागवली, आणि वर्धा जिल्ह्यात अजूनही अशी गावे आहेत जेथे संध्याकाळी खंजिरीवर भजन होते. याच विद्यापीठाच्या महाविद्यालयातला एखादा मुलगा महोत्सवात तालवाद्य वादनाला खंजिरी घेऊन उतरला तर? स्पर्धेचे नाव ‘शास्त्रीय तालवाद्य’ असते. तबला चालतो, पखवाज चालतो. खंजिरीला ‘लोकवाद्यवृंदात बसवा’ असे सांगितले जाते. गंमत अशी की तिकडे दक्षिणेत याच जातीचे वाद्य, कंजिरा, मान्पूंडिया पिळ्ळै यांनी कर्नाटक संगीताच्या मैफलीत आणले आणि आज ते तेथे पूर्ण शास्त्रीय मानले जाते. म्हणजे शास्त्र चामड्यात किंवा लाकडाच्या कड्यात नसते. ते कुणाच्या मांडीवर, कुठल्या व्यासपीठावर वाजले यावर ठरते. टी. एम. कृष्णा यांनी मृदंग घडविणाऱ्या कारागिरांवर ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक २०२० साली लिहिले. कातडे कमावणारा, ताणणारा हात कुणाचा आणि वाजवून टाळ्या घेणारा हात कुणाचा, हे त्यात तपशिलाने आले आहे. ते वाचताना मला आमच्या जिल्ह्यातल्या ढोलक्या आठवल्या.

भरताचे नाव काढलेले आपल्यातील अनेकांना रुचणार नाही, मलाही ते सवयीने रुचत नाही. शूद्रांना वेद ऐकण्याचा अधिकार नाही म्हणून सर्व वर्णांसाठी पाचवा वेद केला, अशी नाट्यशास्त्राच्या आरंभीची कथा आहे. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटी ऋषींची टवाळी केली म्हणून भरतपुत्रांना शूद्रत्वाचा शाप मिळतो. नट शूद्र ठरला तो असा. पण या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात एक गोष्ट आहे, ती शास्त्राचे नाव सांगून आमच्यावर रकाने लादणाऱ्यांनी मुद्दाम वाचावी. प्रयोगात वाद उत्पन्न झाला तर निवाडा करणारे प्राश्निक कोण असावेत, याची तेथे यादी आहे. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्धारी, चित्रकार, वेश्या, गायक-वादक, राजसेवक. दहा जण. यज्ञाच्या बाबतीत याज्ञिक बोलेल, शस्त्राच्या पवित्र्याविषयी धनुर्धारी, शृंगाराच्या उपचाराविषयी वेश्या. ज्याला जे ठाऊक त्याने त्याविषयी सांगावे. वर्णव्यवस्थेत गळ्यापर्यंत बुडालेल्या त्या ग्रंथकर्त्यालाही एवढे कळत होते की वेश्येच्या भूमिकेचा खरेपणा व्याकरणपंडिताला कळणार नाही. आमच्या महोत्सवात तिन्ही परीक्षक एकाच आळीतले असतात. दंडारीला मार्क देणाऱ्याने दंडार आयुष्यात पाहिलेली नसते. जलशाला मार्क देणाऱ्याला झील म्हणजे काय ते ठाऊक नसते.

झीलचा उल्लेख मी मुद्दाम केला. त्या सहा मुलींचे गाणे ध्वनिफितीवर घेतलेले होते, ते मी काही महिन्यांनी पुन्हा ऐकले. या वेळी कागद पुढे नव्हता. जलशातल्या गाण्यात मुख्य गाणारा ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलतात. उचल कशी होते यावर गाण्याचा जीव असतो. मुख्य गाणाऱ्याचा श्वास संपण्याआधीच झील आत शिरली पाहिजे, मध्ये पोकळी राहता कामा नये. त्या मुलींची झील दोन ठिकाणी स्पष्टपणे उशिरा आली. तिसऱ्या कडव्यात तर मुख्य गाणारी मुलगी क्षणभर एकटी पडली आणि ढोलकीवाल्याने बोल वाढवून तिला सावरून घेतले. हा खरा दोष होता, आणि ढोलकीवाल्याने जे केले ते खरे कसब होते. सभागृहात बसून मला यांतले काहीही ऐकू आले नव्हते. मी ‘पानी’ ऐकत होतो. तेव्हा त्या मुलींचा तिसरा क्रमांक चुकीचाच होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कदाचित तो बरोबरही असेल. पण त्यांना जे कारण मिळाले ते घेऊन त्या गाणे सुधारू शकत नव्हत्या. फक्त आपल्या आईच्या बोलीची लाज बाळगू शकत होत्या.

आता माझ्या दुसऱ्या गुन्ह्याविषयी. तो लिहिताना हात जड होतो.

‘पानी’च्या प्रसंगानंतर मी जागा झालो आणि बहुधा गरजेपेक्षा जास्त जागा झालो. पुढे एकांकिका स्पर्धेचा परीक्षक म्हणून मला बोलावणे आले. तीस मिनिटांची मर्यादा, तीन परीक्षक, शंभरापैकी गुण. एका वसतिगृहाच्या मुलांनी खैरलांजीवर एकांकिका केली होती. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातील चौघांची जी हत्या झाली तिच्यावर. पडदा उघडला तेव्हापासूनच माझा घसा दाटला होता. मुले प्रेक्षकांकडे तोंड करून बोलत होती. एक बोलून झाला की दुसरा. आईचे काम करणाऱ्या मुलीला उभे राहण्यापलीकडे काही दिलेले नव्हते. शेवटी लाल प्रकाश आला, घोषणा झाल्या, सभागृह उभे राहिले. मीही उभा राहिलो. मी नव्वद गुण दिले.

त्याच दिवशी हिंगणघाटकडच्या मुलांची एकांकिका होती. कापसाच्या बाजारातली. गाडी घेऊन आलेला शेतकरी, अडत्या, मापाडी आणि काटा. काट्याच्या पारड्याखाली पायाचा अंगठा लावून माल कमी कसा दाखवतात त्याचा खेळ. नेपथ्य म्हणजे दोन गोण्या आणि एक दोरी. मापाडी झालेल्या मुलाने वजन हाताने तोलले तेव्हा नसलेला कापूस आम्हाला दिसला. सगळे हसत होते आणि हसता हसता शेवटच्या प्रसंगात शेतकरी रिकामी गाडी वळवून निघाला तेव्हा कुणालाच टाळी वाजवणे सुचले नाही. हा प्रयोग मला आवडला. मी एकसष्ट दिले. मनात म्हणालो, कसबी मुले आहेत, पण विषय हलका आहे.

दुसऱ्या दोघा परीक्षकांनी कापसाच्या एकांकिकेला एकाहत्तर व सत्तर दिले होते, आणि वसतिगृहाच्या मुलांना बासष्ट व साठ. बेरीज केली तर वसतिगृह २१२, कापूस २०२. पहिला क्रमांक वसतिगृहाला. तिघांपैकी दोघांनी कापसाला वर ठेवले होते, तरी माझ्या एकट्याच्या कागदाने निकाल फिरवला. कारण ते दोघे साठ आणि सत्तरच्या दरम्यान वावरत होते आणि मी एकसष्ट ते नव्वद एवढे मैदान व्यापले होते. जो परीक्षक मोकळ्या हाताने गुण उधळतो आणि कापतो त्याचे मत इतरांच्या तिप्पट जड होते. गुणांऐवजी प्रत्येकाने क्रमांक दिले असते आणि क्रमांकांची बेरीज केली असती तर कापसाला चार, वसतिगृहाला पाच, म्हणजे कापूस पहिला आला असता. एवढी साधी दुरुस्ती आहे. कागद, पेन्सिल आणि पाच मिनिटे पुरतात. मी ती अनेक आयोजकांना सुचवली आहे. ‘विद्यापीठाचा नमुना ठरलेला आहे’ असे उत्तर मिळते.

निकालानंतर वसतिगृहाच्या एकांकिकेचा दिग्दर्शक मुलगा मला बसस्थानकावर भेटला. करंडक त्याच्या पिशवीत होता. मी अभिनंदन केले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “सर, एक इचारू का? आमचं नाटक आज पडलं होतं. तालमीत याच्याहून बरं होत होतं. तुमाले दिसलं नाही काय?”

मी म्हणालो, “विषय फार मोठा होता बाबा.”

“विषय त्या मायचा होता सर, आमचा नाही. आमचं फक्त नाटक होतं. त्याचे मार्क काहून नाही देले?”

त्याची बस लागली आणि तो गेला. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही.

नंतर विचार केला तेव्हा दिसले ते असे. ‘पानी’साठी पाच गुण कापणारा मी आणि खैरलांजीसाठी नव्वद देणारा मी, यांच्यात वाटते तेवढे अंतर नव्हते. दोन्ही वेळा मी प्रयोगाकडे पाहिलेच नव्हते. पहिल्या वेळी प्रस्थापितांचा कागद पाहिला, दुसऱ्या वेळी स्वतःची जखम पाहिली. आणि दुसऱ्या वेळचा अन्याय दुहेरी होता. कापसाच्या एकांकिकेतली मुले कुणबी-तेल्यांची होती. अडत्याच्या काट्याने त्यांचे बापही मारलेले होते, आणि मी त्यांच्या काट्याखाली अंगठा लावला. वसतिगृहाच्या मुलांना तर मी सांगून टाकले की तुमच्याकडून आम्हाला कलेची अपेक्षाच नाही, तुमचे दुःख पुरेसे आहे. सवर्ण समीक्षक जेव्हा दलित आत्मकथनाला ‘दाहक’, ‘अस्सल’, ‘हेलावून टाकणारे’ अशी विशेषणे देऊन मोकळा होतो आणि त्याच्या रचनेविषयी, निवेदनाविषयी एक ओळ लिहीत नाही, तेव्हा आपण चिडतो. मी वेगळे काय केले होते?

आमची रंगभूमी विद्यार्थ्यांनी उभी केलेली आहे, हे येथे आठवावे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘युगयात्रा’ लिहिले आणि १९५५-५६ च्या सुमारास ते रंगमंचावर आले. दलित नाटकाचा इतिहास सांगणारे येथूनच सुरुवात करतात. पुढे प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका गावोगावच्या हौशी आणि महाविद्यालयीन मुलांनी किती ठिकाणी केली याची गणती करणे कठीण आहे. तिला नेपथ्य जवळजवळ लागत नाही. पण म्हणून ती सोपी नाही. दोन नटांच्या अंगावर सारा भार आहे आणि एकाचा जरी श्वास चुकला तरी ती भाषण होऊन बसते. विषयाच्या पुण्याईवर ती तरत नाही. त्याहून मागे जाऊन भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलशांविषयी जे लिहून ठेवले आहे ते पाहावे. ती मंडळी उघड्या मैदानात, ध्वनिक्षेपकाशिवाय, कधी दगडफेकीच्या भयात उभी राहत. बतावणीतला विनोद चुकला तर लोक उठून जात, आणि लोक उठून गेले तर त्यांना बाबासाहेबांचा विचार ऐकवायचा कसा? हसवता हसवता कोणत्या क्षणी गंभीर व्हायचे, सवाल आला तर जबाब किती झटकन द्यायचा, आवाज शेवटच्या माणसापर्यंत कसा न्यायचा, याचे नियम तेथे इतके कडक होते की आमच्या मार्कांच्या कागदाला ते झेपणारच नाहीत. जलशाला नापास होण्याची सोय होती. म्हणून त्याच्या पास होण्याला किंमत होती.

पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी अंतिम फेरीनंतर जाहीर केले की करंडकाच्या पात्रतेची एकही एकांकिका नाही, आणि करंडक कुणालाच दिला नाही. १९६३ पासून चाललेली ही स्पर्धा. पुष्कळ गदारोळ झाला. मुलांचा हिरमोड केला असे म्हणणारे होते आणि दर्जा राखला असे म्हणणारेही होते. माझे मत विचाराल तर तो अधिकार परीक्षकाला असलाच पाहिजे. मात्र जो हा अधिकार वापरतो त्याने मुलांपुढे बसून, कुठला प्रसंग कुठे पडला, कुठल्या ठिकाणी संहिता फसली, हे प्रत्येक संघाला सांगण्याचे कष्टही घेतले पाहिजेत. आमच्या जिल्ह्यात निकाल वाचून झाला की परीक्षक गाडीत बसतात. मुलांना फक्त आकडा मिळतो, कधी कधी तोही मिळत नाही.

एक गोष्ट अजून माझ्या हिशेबात बसत नाही, ती तशीच मांडतो. मांगवाड्यातला एक मुलगा महोत्सवात डफडे घेऊन आला होता. फार तयारीचा हात. परीक्षकांनी ‘वा, अस्सल लोककला’ म्हणून भरभरून गुण दिले, मीही दिले. नंतर कळले की त्याच्या बापाने लग्नात आणि पोळ्याला डफडे वाजवणे ठरवून सोडले होते, कारण ती वेठ होती. वाजवायचे ओट्याखाली उभे राहून आणि शिळे अन्न पदरात घेऊन निघायचे. मुलाने ते माळ्यावरून खाली काढले म्हणून घरात महिनाभर अबोला होता. आता सांगा, त्या वादनात काय ऐकायचे? बापाच्या नकाराला किंमत आहे, आणि मुलाने ते वाद्य मंचावर, उंच जागी, स्वतःच्या इच्छेने वाजवले यालाही आहे. ‘अस्सल लोककला’ या शेऱ्यात यातले काहीच आलेले नव्हते. पण मी त्याच्या हाताला गुण द्यावयाचे की त्याच्या माळ्याला? वसतिगृहाच्या मुलाने मला जो धडा दिला त्याप्रमाणे हाताला. आणि तरी त्या हातातल्या एका विशिष्ट ठोक्यात तो माळा वाजत होता असे मला वाटते. हे मला सोडवता आलेले नाही. नागपूरचे वीरा साथीदार यांनी ज्यात लोकशाहिराची भूमिका केली त्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात शाहिराच्या गाण्यावर न्यायालयात खटला चालतो. गाण्यातले शब्द कागदावर वाचून दाखवले जातात आणि गाणे मात्र कुणी ऐकत नाही. परीक्षकाच्या खुर्चीवर बसताना मला तो चित्रपट हमखास आठवतो.

बाकी अडचणी लहान आहेत, पण पोरांना त्या लहान नसतात. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो हे बरेच, पण आष्टी किंवा समुद्रपूरकडच्या संघाला शेवटची चिठ्ठी निघाली की त्यांचे अर्धे लक्ष परतीच्या एसटीवर असते. पहिल्या संघाला गुण देताना परीक्षक हात आखडतो, पुढे कोण येईल ते माहीत नसते म्हणून. ब्रुसेल्सला राणी एलिझाबेथच्या नावाची पियानोची जगप्रसिद्ध स्पर्धा होते. तिच्या अंतिम फेरीचा क्रम चिठ्ठ्यांनीच ठरतो, आणि तरीही पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळण्याची शक्यता कमी असते असे अभ्यासकांना आढळले. तेथील परीक्षक तर जगातले नामांकित वादक. तेव्हा आम्ही पहिल्या दोन संघांचे गुण पेन्सिलने लिहून शेवटी पुन्हा पाहावे, एवढे तरी करावे. मी करतो. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

वर्धा हे गांधींचे गाव म्हणून मिरवते. १९३७ साली येथे जी शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून जी वर्धा योजना निघाली तिच्या अभ्यासक्रमात संगीत होते. बजाजांचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ साली अस्पृश्यांना उघडले तेही येथेच. १९६९ साली आणि पुन्हा २०२३ साली मराठी साहित्य संमेलन येथे भरले, आणि २०२३ मध्ये त्याच सुमारास याच शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरले. दोन मांडव, दोन सूर. महोत्सवातली आमची मुले यांपैकी कुठल्या मांडवात बसतात हे त्यांना विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

यंदाही परीक्षक म्हणून पत्र आले आहे. सोबत मार्कांच्या कागदाचा नमुना. चौथा रकाना तसाच आहे : शुद्ध उच्चार, गुण दहा. मी समन्वयकांना उलट पत्र लिहिले. रकान्याचे नाव ‘शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणे’ असे करावे, गुणांसोबत क्रमांकही मागवावेत, आणि तिसऱ्या परीक्षकाच्या जागी आमच्या तालुक्यातील एका जुन्या झीलकऱ्याला बोलवावे असे सुचवले. समन्वयकांचा फोन आला. रकान्याचा विचार करू म्हणाले. झीलकऱ्याविषयी त्यांनी विचारले, “त्यांची शैक्षणिक अर्हता काय लिहायची, सर?” मी सांगितले, चौथी नापास. ते म्हणाले, कळवतो. अजून कळवलेले नाही.